वर्तुळातली फट

१

माझं काम फोटो काढायचं. जिल्ह्याच्या रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात, जिन्याच्या डाव्या हाताला जी अरुंद खोली आहे तिथं मी एकोणीस वर्षं बसते. खोलीला खिडकी नाही. एक टेबल, दोन स्टुलं आणि एक यंत्र. यंत्राला भाताच्या वाडग्याएवढं पांढरं वाडगं आडवं बसवलेलं आहे. त्याच्या आत उजेडाची बावीस वर्तुळं आहेत, एकात एक. पेशंटनं हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि मधल्या हिरव्या ठिपक्याकडं बघायचं. ती वर्तुळं त्याच्या बुबुळावरच्या काचेत, म्हणजे कॉर्नियात, आरशात उमटावीत तशी उमटतात. मी बटण दाबते आणि पडद्यावर त्या काचेचा नकाशा येतो.

काच चांगली असेल तर वर्तुळं गोल येतात. डाग असेल, टाके असतील तर वेडीवाकडी येतात. पण तुटत नाहीत. तुटतात ती दोनच ठिकाणी. वरच्या बाजूला पापणीचे केस आड येतात आणि आतल्या बाजूला नाकाची सावली पडते. पहिल्या आठवड्यातच हे शिकवतात. बाहेरच्या बाजूला, कानाकडं, आड यायला काही नसतंच.

आमच्याकडं काच बिघडलेली माणसं पुष्कळ. कापणीच्या दिवसांत भाताचं तूस डोळ्यात उडतं. माणूस डोळा चोळतो, कुणीतरी सांगितलेला पाला पिळतो आणि आठवड्याभरात डोळ्यात बुरशी धरते. औषधानं बुरशी जाते, पण मागं पांढरा डाग ठेवून जाते. काहींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि दोन-चार वर्षांनी काचेला आतून पाणी सुटतं. काच फुगते, तिच्यावर फोड येतात, ते फुटले की माणूस रडकुंडीला येतो. अशांना दुसऱ्याची काच लावावी लागते.

आणि काच देणारी माणसंही आमच्याकडंच. समुद्राकडच्या पट्ट्यात, लव्हाळ्याच्या चटया विणणाऱ्या गावांत, गेली कित्येक वर्षं मेल्यावर डोळे द्यायची रीतच पडून गेली आहे. घरातलं माणूस गेलं की लोक आधी चर्चमध्ये फोन करतात आणि मग आम्हाला. हनोईच्या पथकाला यायला अडीच तास लागतात, म्हणून काच काढायचं काम आम्हा तिघांना शिकवून ठेवलं आहे.

२

फेब्रुवारीत, तेतचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण होऊन आठवडा झाला होता, तेव्हा असाच एक फोन आला. न्हो नावाची बाई, वय सदुसष्ट. दुपारच्या जेवणाआधी बसून लव्हाळं चिरत होती. सून हाक मारायला गेली तर बसल्या जागी गेलेली. सुरी हातातच होती.

आम्ही पोचलो तेव्हा तिला पलंगावर निजवलेलं होतं. लोकांना वाटतं आम्ही अख्खा डोळा काढतो. तसं नसतं. समोरची काच आणि तिच्या कडेची पांढरी पट्टी, एवढंच गोल कापून घ्यायचं. तिथं एक प्लास्टिकची टोपी बसवायची आणि पापणी मिटवायची. चेहरा आधी होता तसाच दिसतो. दोन्ही काचा गुलाबी पाण्याच्या दोन बाटल्यांत गेल्या. बाटल्यांवर आकडे मीच लिहिले, एकतीस आणि बत्तीस. तिच्या मुलानं कुणाला मिळणार म्हणून विचारलं. सगळेच विचारतात. ते आम्हाला कळवत नाहीत, असं मी नेहमीसारखं सांगितलं. सुनेनं चहा दिला. घर स्वच्छ होतं, माणसं चांगली होती. त्या दिवसात काही वेगळं होतं का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. नव्हतं.

३

एकतीस नंबरची काच खुए काकांना लागली. काका एकाहत्तर वर्षांचे. उभी हयात कालव्यांतून लव्हाळ्याच्या नावा हाकण्यात गेली, आता बदकं पाळतात. डावा डोळा तुसानं गेलेला. त्यांची काच आरपार बदलली. मधला गोल तुकडा कापून टाकला आणि नवा तुकडा केसाहून बारीक दोऱ्याच्या सोळा टाक्यांनी शिवला. ते टाके भिंगाखाली सूर्याच्या किरणांसारखे दिसतात आणि वर्षभर तसेच ठेवतात.

बत्तीस नंबर माझ्या सासूबाईंना लागला.

यात माझा काही हात नव्हता. त्यांचं नाव दीड वर्ष यादीत होतं. ऑपरेशन हनोईला झालं आणि घरी सोडताना दिलेल्या कागदावर कोपऱ्यात तो आकडा दिसला. माझ्याच हातचे आकडे कुणीतरी नीट टाइप केले होते. मी कुणाला बोलले नाही.

सासूबाईंचा त्रास मोतीबिंदूनंतरचा होता, पाणी सुटण्याचा. त्यांची काच आरपार बदलावी लागली नाही. पुढची बाजू त्यांचीच ठेवली. कडेला बारीक छेद घेऊन मागचा खराब पापुद्रा खरवडून काढला, न्हो बाईच्या काचेचा पातळ पापुद्रा घडी घालून आत सरकवला आणि तो चिकटून बसावा म्हणून मागून हवेचा बुडबुडा सोडला. टाका नावाला एखादा. मग अख्खा दिवस उताणं पडून छताकडं बघायचं. तेवढ्यात त्यांनी नर्सला, डॉक्टरला आणि मला पुरतं हैराण केलं. जन्मभर वाकून लव्हाळं विणलं, आता छत बघायला शिकवता का, म्हणाल्या.

त्यांचा दुसरा डोळा पूर्वीच गेलेला, उजेड-अंधार तेवढा कळतो. हा उघडला आणि त्यांना पहिल्यांदा काय दिसलं, तर मी.

"अगं लुयेन," त्या म्हणाल्या, "केवढी म्हातारी झालीस तू."

नवरा माझा, बाक, हायफाँगला गोदीत असतो. पंधरा दिवसांनी येतो. मुलगी हनोईत शिकते. घरात आम्ही दोघीच. दिवसातून चार वेळा मी त्यांच्या डोळ्यात औषध घालायचे. शरीराला परकी काच सोसावी म्हणून हे औषध लागतं. ते चुकवायचं नाही, हे मी रोज वीस पेशंटना सांगते. महिन्याभरात त्या पुन्हा टोपल्या विणायला लागल्या आणि माझ्या स्वयंपाकात केस शोधायला लागल्या.

४

एप्रिलमध्ये खुए काका फोटोला आले. हनुवटी टेकवताना म्हणाले, "पोरी, दर खेपेला रिकामं वाडगं पुढं धरतेस. एकदा तरी भात घाल की."

मी हसले, हिरव्या ठिपक्याकडं बघा म्हणाले आणि बटण दाबलं.

पडद्यावर वर्तुळं वेडीवाकडी आली होती. ते ठीकच, सोळा टाके होते. वर पापणीची सावली, आत नाकाची. आणि बाहेरच्या बाजूला, कानाकडं, सगळ्यांत बाहेरची चार वर्तुळं तुटली होती. कडा साफ होत्या. मध्ये उभी काळी फट.

वाडग्यावर धूळ असेल म्हणून मी ते पुसलं. पुन्हा फोटो घेतला, फट तिथंच. काकांच्या उजव्या, चांगल्या डोळ्याचा घेतला, ती नव्हती. काकांना बाहेर बसवून मी माझ्या स्वतःच्या डोळ्याचा घेतला. बटण दाबायला शेजारच्या खोलीतल्या मुलीला बोलावलं. वर्तुळं अखंड आली. म्हणजे यंत्र ठीक होतं. मग डोळ्यातलं पाणी सुकलं असेल. पाण्याचा थर फाटला की वर्तुळं तुटतात. काकांना थेंब घालून, पापण्या मिचकवायला लावून तिसऱ्यांदा घेतला.

फट होती. मी ती मोठी करून पाहिली. वर अरुंद होती, मग जराशी गोल, मग खाली दोन्ही अंगांना रुंद. लांब दारात कुणी उभं असावं तशी. पण दार माझ्या पाठीमागं, आणि फोटो घेताना मी ते बंद करते. शिवाय वर्तुळं वाडग्यातून येतात. ती तुटायची तर वाडगं आणि डोळा यांच्या मध्ये काहीतरी हवं, आणि मध्ये जागा असते वीतभर. लांब उभं राहायला तिथं लांब असं काही नाहीच.

अहवालात मी लिहिलं, 'बाहेरच्या बाजूला चार वर्तुळं अस्पष्ट.' काकांनी छत्री उचलली आणि ते बस पकडायला गेले.

५

मे महिन्यात फट चौदाव्या वर्तुळापर्यंत आली होती. रुंदही झाली होती, जवळ येणारं माणूस होतं तशी.

मी दोन्ही फोटो डॉक्टर थाक यांना दाखवले. ते चांगले डॉक्टर आहेत, हात हलका आहे, पण दिवसाला सत्तर पेशंट तपासतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो लांब धरले, जवळ धरले.

"नजर किती आहे त्यांची?" त्यांनी विचारलं.

"सहावी ओळ वाचतात. गेल्या महिन्यात पाचवी वाचत होते."

"मग? तुमचा फोटो आजारी आहे, लुयेनताई. पेशंट नाही."

काचेखाली पाणी नाही, टाके घट्ट, लाली नाही, असं तपासून त्यांनी मला दाखवलंही. ते बरोबरच होतं. वरचे पेशींचे थर तर एव्हाना काकांच्याच डोळ्यातून वाढून आले असणार. ज्यात वर्तुळं उमटत होती ती बाहेरची कातडी न्हो बाईची राहिलीच नव्हती. हे मी स्वतःला समजावत होते. समजावून झाल्यावर लक्षात आलं, की न्हो बाईचा विचार माझ्या मनात आधीच आला होता.

जूनमध्ये नववं वर्तुळ. तेव्हा मी काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या डोळ्याला कानाकडच्या बाजूनं काही आड आल्यासारखं दिसतं का.

"दिसतं की. सगळं दिसतं," ते म्हणाले. "बदकाचं पीस न् पीस मोजून देईन." मग हनुवटी पट्टीवरच ठेवून त्यांनी नजर माझ्याकडं वळवली. "का विचारलंस तू?"

फॉर्मात तसा प्रश्न असतो, मी म्हणाले. फॉर्मात असा प्रश्न नसतो. त्यांनी मान हलवली आणि उठले. जाताना दाराशी थांबून वळून पाहिलं, माझ्याकडं नाही, खोलीकडं. मी तेव्हाच नीट विचारायला हवं होतं. बाहेर अजून अकरा माणसं बसली होती.

६

सासूबाईंच्या फोटोत काही नव्हतं. दर महिन्याला बावीसच्या बावीस वर्तुळं गोल. मी त्यांना मुद्दाम सगळ्यांत शेवटी बसवायचे आणि पडदा बघून सुटल्यासारखं वाटायचं.

जूनच्या त्या खेपेनंतर एकदा दुपारी जेवताना, कालवांच्या रश्श्याचं वाडगं हातात असताना, माझ्या डोक्यात आलं. त्यांची पुढची बाजू त्यांचीच आहे. न्हो बाईचा पापुद्रा मागं आहे. माझं यंत्र पुढच्या बाजूचा फोटो घेतं.

काचेच्या मागच्या पृष्ठभागावरूनही उजेड परततो. फार फिका असतो. आम्ही तो कधी बघत नाही, कारण पुढच्याच्या झगमगाटात तो हरवतो. विभागाच्या कपाटात एक जुनी हातात धरायची चकती पडली होती. काळ्या-पांढऱ्या बारा वर्तुळांची, मध्ये बघायला भोक. यंत्र येण्याआधी याच चकतीवर काम चालायचं. मी ती घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध घालताना सासूबाईंना म्हणाले, जरा सरळ बघा. खिडकीकडं पाठ करून चकती त्यांच्या डोळ्यासमोर धरली, कडेनं टॉर्चचा उजेड दिला आणि भोकातून पाहिलं. पुढच्या काचेवर बारा वर्तुळं, स्वच्छ. मी टॉर्च हळूहळू कलता केला. मग त्या वर्तुळांच्या मागं, विस्तवाच्या धगीतून दिसावीत तशी, दुसरी बारा वर्तुळं दिसली. लहान, फिकी.

ती तुटलेली होती. बाहेरची सात वर्तुळं फटीनं कापली होती, आणि इतक्या लहान आकारातही फटीला खांदे होते.

"काय गं, सापडलं का काही?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई. औषध नीट पसरलंय का बघत होते."

"मग एवढा वेळ का लागतोय तुला?"

टॉर्चचा उजेड कमी पडतोय म्हणाले. त्या लव्हाळ्याची जुडी ओढून कामाला लागल्या.

७

खुए काकांची ऑगस्टची तारीख अकरा होती. जुलैमध्ये मी त्यांचं शेवटचं जे मोजलं ते तिसरं वर्तुळ. फोटो जवळजवळ काळा होता, मध्ये उजेडाचं लहान कडं. नजर सातवी ओळ. डॉक्टर थाक म्हणाले, यंत्रवाल्याला बोलवा. यंत्रवाला आला, त्यानं उघडून पाहिलं, काही नाही म्हणाला.

सहा तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. म्येन बोलत होती, काकांची मुलगी. वडील गेले, त्यांनी उजवा डोळा द्यायचा म्हणून लिहून दिलंय, तुम्ही या.

मी आणि अजून एकजण गेलो. काका बदकांच्या आवाराकडं तोंड करून मोड्यावर बसले होते आणि तसेच गेले, म्येननं सांगितलं. तिनं आत चुलीवर तांदूळ ठेवले, बाहेर आली, तेवढ्यात. ओरडले नाहीत, काही नाही. वय एकाहत्तर, रक्तदाब, दिवसाला वीस बिड्या. गावच्या डॉक्टरनं हृदय लिहिलं होतं आणि मीही तेच लिहिलं असतं.

उजवी काच काढून झाली. सोबतचा माणूस बाटलीवर चिठ्ठी लावत होता, म्येन बाहेर होती. मी पिशवीतून चकती काढली. डाव्या डोळ्याची पापणी वर केली. काच कोरडी पडत होती, म्हणून मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला. मग चकती धरून भोकातून पाहिलं.

बारा वर्तुळं. टाक्यांमुळे जरा वाकडी, पण बाहेरपासून थेट मधल्या ठिपक्यापर्यंत अखंड. आरसा पुसून लख्ख केल्यासारखा तो डोळा रिकामा होता.

मी आधी विचार केला, की बरं झालं, गेलं ते. मग पापणी मिटवताना कळलं की ते गेलं नव्हतं. त्याचं तिथलं काम झालं होतं.

८

त्याच दिवशी दुपारी मी सासूबाईंची मागची वर्तुळं मोजली. मधली चार शिल्लक होती.

मी काय केलं ते आता सरळ सांगते. त्यांच्या औषधाची बाटली उघडून मोरीत रिकामी केली, धुतली आणि तिच्यात साधे, कोरड्या डोळ्यांसाठी असतात ते थेंब भरले. दिवसातून चार वेळा, वेळेवर, मी ते त्यांच्या डोळ्यात घालू लागले. परक्या काचेला शरीर हाकलून देतं. औषध असतं तोवर हाकलत नाही. माझा हिशोब एवढाच होता, की न्हो बाईचा पापुद्रा गेला तर त्याच्यातलंही जाईल. डोळा जाईल, पण सासूबाई राहतील. डोळा पुन्हा करता येतो.

बाकला मी फोनवर काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? तो म्हणाला असता, चार दिवस रजा घे.

दोन आठवड्यांनी डोळा लाल झाला. तिसऱ्यात सासूबाई म्हणाल्या, सकाळी उठलं की धुकं दिसतं. त्यांनी टोपलीचं बूड दोनदा उसवलं. मी त्यांना डॉक्टर थाकांकडं नेलं, न नेऊन चालणार नव्हतं. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शरीर काच नाकारतंय म्हणाले, तासातासाला औषध घाला, दर तासाला, ताई, तुम्हाला मी काय सांगायचं. मी हो म्हणाले. घरी येऊन तासातासाला मी साधे थेंब घातले.

सासूबाई प्रत्येक वेळी मान मागं टाकायच्या आणि डोळा मोठा करायच्या. एकदाही कुरकूर केली नाही. मला वाटतं, सगळ्यांत वाईट ते होतं.

सप्टेंबर संपता संपता काच दुधाळ झाली. मी चकती धरली. पुढची वर्तुळं होती. मागं धुरकट पांढरं, त्यात काही उमटत नव्हतं. ना वर्तुळ, ना फट. त्या दिवशी मी दुपारची झोपले. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

९

डॉक्टरांनी सासूबाईंचं नाव पुन्हा यादीत घातलं. आठ-दहा महिने तरी लागतील म्हणाले. त्या घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागल्या. मी भाताचं वाडगं हातात द्यायचे, कुठल्या बाजूला मासा आहे आणि कुठं मोहरीच्या पानांचं लोणचं ते सांगायचे. माझ्या मनाला टोचत होतं, पण त्या जिवंत होत्या. सकाळी अंगणात त्यांचा खोकला ऐकला की मी मनात म्हणायचे, बघ, बरोबर केलंस.

ऑक्टोबरच्या बारा तारखेला, रविवारी, प्रार्थनेहून आल्यावर आम्ही जेवायला बसलो. अंगणात लख्ख ऊन होतं. त्यांनी जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"ते औषध घशात उतरतं," त्या म्हणाल्या. "कडू लागतं. थेंब घातला की जरा वेळानं जिभेच्या मुळाशी येतं. ऑगस्टपासून यायचं बंद झालं."

मी माझ्याही काड्या खाली ठेवल्या.

"मला वाटलं तुला काहीतरी माहीत असेल. तू तिथली शिकलेली. काही बघून करत असशील, म्हणून मी बोलले नाही."

मग मी सांगितलं. चकती, मागची वर्तुळं, खुए काका, सगळं. वाक्यं धड लागत नव्हती. त्या मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि वाडग्याची कड बोटानं चाचपत राहिल्या.

"एवढंच होय," त्या म्हणाल्या. "ते मला दिसायचं."

"काय दिसायचं?"

"ते काय आहे ते मला नाही माहीत. उभं असायचं. ऑपरेशन झाल्यावर आठवड्याभरानं दिसायला लागलं, तिकडं बांधावर, लांब. मग अंगणात. तोंड कधी दिसलं नाही आणि मी बघायला गेले नाही."

"आई, मग सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करणार होतीस तू? डोळाच काढायला लावला असतास." हे त्यांनी रागानं नाही म्हटलं. "त्यात अवघड काही नव्हतं. ते सावकाश येतं. फार सावकाश. हातभर अंतरावर आलं की मी उठायचे आणि दुसरीकडं जाऊन बसायचे. ऊन अंगावर आलं की सरकतो ना आपण, तसं. मग त्याला पुन्हा पहिल्यापासून यावं लागायचं. कधी पडवीत, कधी चुलीपाशी, कधी तुझ्या खोलीत. माझं चाललं होतं गं. मी अजून वीस वर्षं काढली असती."

तो मधला लहान उजेड, ती चार शिल्लक वर्तुळं माझ्या डोळ्यांपुढं आली. त्या सकाळपासून दुपारपर्यंत एका जागी विणत बसल्या होत्या म्हणून चार. उठून दुसरीकडं बसल्या असत्या तर पुन्हा बारा. मी दिवसातून एकदाच मोजत होते. खुए काकांना दिसत होतं का, ते उठले का नाहीत, की तो मोडा त्यांना सोडवला नाही, हे आता कुणाला विचारायचं.

"शेवटचं दिसलं तेव्हा कुठं होतं?" मी विचारलं.

त्यांनी अंदाजानं हात पुढं केला. टेबलावरून, लोणच्याच्या बशीवरून. बोटं माझ्या अलीकडं थांबली.

"पण त्याला दोन आठवडे झाले," त्या म्हणाल्या. "आता धुक्याशिवाय काही नाही."

मी उठले, टॉर्च आणला, त्यांची हनुवटी धरून त्या पांढऱ्या डोळ्यात पाहिलं. सगळ्या कोनांतून पाहिलं. माझंच तोंड तेवढं दिसत होतं. त्या शांत बसून होत्या, डॉक्टरसमोर बसतात तशा, आणि मी काहीतरी सांगेन म्हणून थांबल्या होत्या.

"दिसतंय का तुला?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. मी हात दिला तो त्यांनी घट्ट धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मग तू सांग," त्या म्हणाल्या. "मी आता कुठं बसू?"

त्या दिवसापासून रोज, दिवसातून कितीतरी वेळा, त्या मला हे विचारतात. मी खोलीभर बघते, सगळीकडं सारखंच ऊन असतं, सारखीच जागा असते. मी एक जागा दाखवते. त्या मुकाट्यानं तिथं जाऊन बसतात.